दुसऱ्या फेरीतली सीट

माझ्या मुलीला मेडिकलची सीट लागणार की नाही, हे त्या वर्षी भालकीत ज्याला त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. निकाल आला तो असा, की धड हसता येईना, धड रडता येईना. रँक अगदी काठावरची. चांगली असती तर पेढे वाटून मोकळे झालो असतो, वाईट असती तर दोन दिवस रडून. काठावरच्या रँकेला यातलं काहीच करता येत नाही. नुसतं थांबावं लागतं.

नवऱ्याचं बाजारात खत-बियाणांचं दुकान आहे. तिथं युरिया न्यायला आलेला माणूससुद्धा पोत्यावर हात ठेवून विचारायचा, "मालक, पोरीचं काय? चान्स हाय का?" नवरा म्हणायचा, "हाय की." तो गेला की दुसरा यायचा. "आमच्या मेव्हण्याच्या पोराला एवढ्यावर न्हाई लागली बघा." नवरा घरी येऊन मला दोन्ही सांगायचा, आणि मी भाकरी थापता थापता दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवायचे.

मी मूळची महाराष्ट्रातली, उदगीरची. लग्न होऊन कर्नाटकात, भालकीला आले आणि इथल्याच एका खेड्यातल्या मराठी शाळेत शिकवायला लागले. कन्नड बोलता येतं, वाचता वाचता मात्र जीव जातो. त्यामुळे प्रवेशाबद्दलचं जे काही कन्नडमध्ये छापून यायचं ते मुलीलाच वाचून दाखवावं लागे. ती वाचायची, मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मजकुरापेक्षा मला तिचा आवाज कुठं अडखळतो तेवढंच कळायचं.

दहावीपर्यंत ती भालकीतच शिकली. मग लातूरला दोन वर्षं क्लास, हॉस्टेल, डबा. शेजारची मुलगीही तिच्याबरोबर, एकाच खोलीत. लातूरला शिकल्या तरी महाराष्ट्रातल्या जागांवर त्यांचा हक्क नव्हता. नंबर लागायचा तो कर्नाटकातच. निकाल आला तेव्हा आमची थोडी पुढं होती आणि शेजारची थोडी मागं. दोघींच्या मधल्या त्या अंतराचं मला बरं वाटलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेजारीण मात्र सरळ बाई. दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, तुमच्या पोरीला लागली तर आमची आशा राहील. तुमचीच अडली तर आमचं काय खरं न्हाई."

निकालानंतर मुलगी बदलली. लातूरला असताना ती रोज फोनवर बोलायची. आता घरात असून गप्प. सकाळी अंगणात येरझाऱ्या घालायची, दुपारी पुस्तकं काढून परत लावायची, लावली की क्रम बदलायची. जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवायची आणि दर घासाला सुलटा करायची. मी रागावले की म्हणायची, "बघायले न्हाई, वेळ बघायले." भिंतीवर घड्याळ होतं.

त्याच दिवसांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. शेती आणि जनावरांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणात आमच्यासारख्यांना काही जागा राखीव असतात, त्यासाठी ही परीक्षा द्यावी लागते. हुलसूरच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे, ती सासरे बघतात. नवरा म्हणाला, "एक असू द्यावं हाताशी." मुलगी म्हणाली, "मला काय ढोराचं डॉक्टर व्हायचंय का?" तरी गेली. मी सोबत गेले.

भालकीहून हुमनाबाद, तिथं बस बदलून कलबुर्गी. हुमनाबादच्या स्टँडवर आम्ही उभ्या राहिलो तेव्हा बाहेर हायवेवर लॉऱ्यांची रांग लागली होती आणि मुलगी म्हणत होती, "बस न्हाई मिळाली तर बरं होईल." बस मिळाली. पूर्ण वाट ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, पण तिचा पाय सारखा हलत होता. माझ्याही नकळत मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला आणि दुसरा हलायला लागला.

परीक्षेच्या जागी पालकांना झाडाखाली बसवलं होतं. मुलं एकेक करून आत जायची. माझी मुलगी आत गेली आणि मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले. ती बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता आणि ती हसत होती. निकालानंतर पहिल्यांदा.

"काय झालं गं?"

"आई, त्यांनी ताटलीत दाणे दाखविले आन् इचारले, इदु येनु? हे काय? माझ्या तोंडातून निघालं करडई. ते सर म्हणले, करडई अंदरे येनु? करडई म्हंजे काय, असं. मला कन्नडमधलं नाव आठवंना. इंग्रजीतलं आठवलं, पुस्तकातलं शास्त्रीय नाव बी आठवलं, पण कन्नड आठवंना. शेजारी दुसऱ्या मॅडम व्हत्या, त्या हसल्या. तेवढ्यात अज्जा शेतात काय म्हणतेत ते आठवलं. म्हणले, कुसुबी."

"मग?"

"मग बरोबर. मग एक गाय बांधली व्हती. म्हणले, तोंड उघडून दात बघ, वय सांग. मी भ्याले. खरं सांगते, पळून यावं वाटलं. पण मागं पोरं उभी. हात घातला. आई, गाईची जीभ किती खरखरीत असती, तुला ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या माहेरी मास्तरकी, सासरी गडी होते. मी तिला नळावर नेऊन हात धुवायला लावला. ती धुताना दोनदा हात नाकाशी नेऊन बघत होती.

परतीच्या बसमध्ये तिचा पाय हलत होता की नाही, ते मला आठवत नाही. मला झोप लागली होती.

पुढं मॉक आलं. मॉक म्हणजे लुटुपुटूचं वाटप. खऱ्या फेरीच्या आधी सरकार एकदा दाखवतं, की आजच्या घडीला तुम्हाला अमुक जागा मिळाली असती. मुलं अजून पसंती बदलत असतात, त्यामुळे त्याला काही अर्थ नसतो. हे सगळं मुलीनं आम्हाला समजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी तिच्या नावापुढं कलबुर्गीतल्या एका मेडिकल कॉलेजचं नाव आलं आणि तीच सगळ्यात आधी ओरडली.

सासरे तेव्हा गावाहून आले होते. त्यांनी एवढंच ऐकलं, की कलबुर्गीला लागली. त्यांनी धोतर सावरलं, टोपी घातली आणि बाहेर पडले. नवरा मागं धावला. "अप्पा, ती खरी न्हाई, अजून खरी यायचीय." सासरे म्हणाले, "सरकारनं नाव काढलंय न्हाई का? मग खोटी कशी?" बसवेश्वराच्या गुडीत, देवळात, त्यांनी पेढे वाटले. येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आले. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात चपलांचा ढीग झाला. कुणी नारळ आणला, कुणी शाल. मुलगी आतल्या खोलीत बसून मला खुणा करत होती, की बंद कर हे. मी कुणाकुणाला सांगणार? आणि खरं सांगायचं तर मलाही तो एक दिवस हवा होता. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला मी चहा दिला आणि "अजून पक्कं न्हाई हं" असं म्हणत राहिले. असं म्हणताना माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे, कुणीच ते मनावर घेतलं नाही.

पहिल्या खऱ्या फेरीत काहीच लागलं नाही.

साइट सकाळपासून अडकत होती. मी शाळेत होते. चौथीच्या वर्गाला भागाकार घालून दिला होता आणि फोन टेबलाच्या कप्प्यात. मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "न्हाई." मी म्हणाले, "नीट बघ." ती म्हणाली, "नीटच बघितलं." तिनं फोन ठेवला. वर्गातल्या एका मुलीनं पाटी पुढं केली, "बाई, बाकी उरली." मी तिला बरोबरची खूण करून दिली. उत्तर बरोबर होतं की नाही, ते बघितलंच नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ज्यांनी नारळ दिला होता ते रस्त्यात भेटले की आधी हसायचे, मग विचारायचे, "कधी जायली मग कलबुर्गीला?" सासरे गावाकडं निघून गेले आणि मुगाच्या काढणीचं निमित्त सांगून भालकीला यायचेच बंद झाले. नवरा दुकान लवकर उघडायला लागला, कारण घरात बसवत नव्हतं. मुलगी एके दिवशी सगळी पुस्तकं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकत होती. मी विचारलं, "कामून?" म्हणाली, "समोर नको वाटतेत." दुसऱ्या दिवशी तिनंच ती खाली काढली. म्हणाली, परत बसायचं झालं तर लागतील. मलाही रोज तसंच व्हायचं. सकाळी वाटायचं, देवाला काळजी, होईल ते होईल. दुपारी वाटायचं, आणखी एक वर्ष लातूरला घालूच. संध्याकाळी काय वाटायचं ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या फेरीत नाव आलं. मेडिकलला नव्हे. बिदरला, व्हेटरनरीला.

आता प्रश्न उभा राहिला. ही सीट घेतली की मेडिकलच्या पुढच्या फेरीतून नाव बाहेर. सोडली तर मेडिकलची शेवटची फेरी उरते, पण तिथं काय होईल कुणी सांगावं. ना इकडची ना तिकडची अशी गत व्हायची. ठरवायला फार वेळ नव्हता.

नवऱ्यानं दुकान दुपारीच बंद केलं. आम्ही तिघं ओसरीत बसलो. मी म्हणाले, "थांबू. शेवटच्या फेरीत जागा मागच्या रँकेपर्यंत खाली उतरतात. सगळे सांगायलेत."

"आन् न्हाई उतरल्या तर?" नवरा म्हणाला.

"न्हाई उतरल्या तर पुन्हा लातूर. एक वर्ष. एका वर्षानं काय बिघडतंय?"

नवरा मुलीकडं वळला. "तू सांग. शिकायचं तुला हाय."

मुलगी खांबाला टेकून उभी होती. मग म्हणाली, "मी बिदरला जाते."

"रागानं ठरवू नकोस," मी म्हणाले.

"रागानं न्हाई. आई, दोन वर्षं मला सगळे इचारायलेत, किती पडतील, कितीवर लागंल. रात्रंदिस तेच. मी काय शिकायले ते एकानं बी इचारलं न्हाई. तू बी न्हाई. अजून एक वर्ष तेच ऐकायचं? माझ्यानं व्हायचं न्हाई."

"पण तुला डॉक्टर व्हायचं व्हतं ना?"

"व्हतं की. अजून बी हाय. पण मला कुठंतरी जाऊन सुरू करायचंय. हे थांबणं बस्स झालं."

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच मला वाद घालता आला नाही. नवरा उठून कपाटातले तिचे दाखले काढायला गेला. मी तिथंच बसून राहिले. तिनं माझ्याशेजारी बसून माझ्या साडीचा पदर बोटांत धरला, लहानपणी धरायची तसा, पण मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता. मी थांबू म्हणत होते आणि मला खात्री होती, की मी बरोबर आहे.

ती बिदरला गेली. हॉस्टेलवर सोडून आलो. बिदर काही लांब नाही, भालकीहून सकाळी निघालं तर दुपारी जेवायला परत येता येतं. तरी घर लातूरच्या वेळेपेक्षा जास्त रिकामं वाटलं. फोनवर ती मोजकंच बोलायची. शरीररचनेचं शिकायलोत, हाडं पाठ करायलोत, जेवण बरं आहे.

सोयाबीन काढणीला आलं होतं. मी शाळेतून येऊन पाय धुवत होते, तेव्हा शेजारीण दारात उभी दिसली. हातात पेढ्यांचा डबा. डोळे भरलेले.

"अक्का, लागली. शेवटच्या फेरीत. कलबुर्गीला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "बरं झालं की." तिनं पेढा पुढं केला आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण हे कुणासमोर सांगतोय. तिचा हात तसाच राहिला. ती हळूच म्हणाली, "तुमची पोरगी थांबली असती तर तिला आधी लागली असती, अक्का." तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी पेढा घेतला, तोंडात टाकला, गिळला. ती जाईपर्यंत उभी राहिले आणि ती गेल्यावर अंगणातल्या दगडावर बसले. पाय तसेच ओले.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हिशोब करत होता. पेन थांबलं. "झालं ते झालं," म्हणाला आणि परत लिहायला लागला. पण त्याला आकडा जमेना, त्यानं तीच बेरीज परत वरपासून धरली. मला त्याचा राग आला. मी थांबू म्हणाले होते. माझं कुणी ऐकलं नव्हतं. हे मला कुणालातरी सांगायचं होतं, आणि सांगायचं ते एकाच माणसाला.

रविवारी मी बिदरची बस धरली. कळवलं नव्हतं. वाटेत मनात सगळं जुळवलं. काय म्हणायचं, कुठून सुरू करायचं. रागवायचं नाही, फक्त सांगायचं. मग वाटायचं, रागवायचंच. उसाच्या ट्रॅक्टरमागं बस रेंगाळली तशी मी ड्रायव्हरवर मनातल्या मनात ओरडले.

हॉस्टेलवर ती नव्हती. रविवार असूनही तिकडं जनावरांच्या दवाखान्यात गेली होती, असं एका मुलीनं सांगितलं. मी तिकडं गेले. ती बाहेर आली ती गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, पांढऱ्या कोटावर शेणाचा डाग, केस रुमालात बांधलेले. मला बघून दचकली.

"आई? काय झालं? अज्जा बरे हायेत ना?"

"बरे हायेत." जुळवलेलं सगळं विसरले. "शेजारच्या पोरीला लागली. कलबुर्गीला."

"मला ठाऊक हाय. ती सगळ्यात आधी मलाच फोन केली."

"कधी?"

"लागल्या लागल्या."

मी तिच्याकडं बघत राहिले. म्हणजे पेढे माझ्या दारात येण्याआधीच तिला कळलं होतं, आणि त्यानंतर ती माझ्याशी फोनवर दोनदा बोलली होती. हाडं पाठ करायलोत, जेवण बरं आहे.

"मला सांगितलीस न्हाई कामून?"

"सांगितले असते तर तू अशीच आली असतीस म्हणून."

मला हसू आलं आणि रडूही. आम्ही कडेच्या कट्ट्यावर बसलो. तिच्या कोटाला औषधाचा आणि गोठ्याचा वास येत होता. मी विचारलं, "तुला वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं की. दोन दिवस जेवण गेलं न्हाई. तिला फोनवर बरं बोलले आन् मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तू बरोबर व्हतीस, आई. थांबले असते तर मला बी लागली असती."

हेच ऐकायला मी बस धरून आले होते. तिनं ते सहज म्हणून टाकलं, आणि माझ्या हातात काहीच राहिलं नाही. मी तिच्या बुटावरचं शेण काडीनं खरवडायला लागले.

"सोड ते, पुन्हा भरंल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "इथं मला आवडायलंय का न्हाई, अजून ठाऊक न्हाई. उगं खोटं सांगणार न्हाई. पण परवा एक शेळी आणली व्हती, तिचं पोट फुगलेलं. सर म्हणले, हात लाव, ऐक. मी ऐकले. कसं सांगू तुला, आई, आत ढोल वाजल्यासारखं वाजत व्हतं. मला त्या येळी रँक आठवली न्हाई."

तिला आतून हाक आली. तिनं माझ्या हातातली काडी काढून फेकली, "जेवून जा मेसमध्ये, मी सांगते" म्हणाली आणि पळाली. मी मेसमध्ये बसून भात-सांबार खाल्लं. समोरच्या बाकावरच्या मुली कन्नडात, तेलुगूत, दखनीत बोलत होत्या. माझी बस चुकली. पुढची यायला उशीर होता, तोवर स्टँडवर मी बाकावर एका जागी बसू शकले नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. शेजारची मुलगी डॉक्टर झाली, एका सरकारी दवाखान्यात आहे. माझी मुलगी जनावरांची डॉक्टर झाली. सासऱ्यांनी गुडीत दुसऱ्यांदा पेढे वाटले नाहीत, पण गावात कुणाची म्हैस अडली की तिचा नंबर तेच देतात आणि वर सांगतात, "आमच्या घरची हाय, फोन उचलती." दोघी मुली अजून मैत्रिणी आहेत. मी मात्र शेवटच्या फेरीचे दिवस आले की अजून अस्वस्थ होते. कुणाचं काय झालं ते विचारत फिरते, मग विचारलं म्हणून चिडते.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. मी ज्वारीचं पीठ चाळत होते. ती म्हणाली, "आई, पुढच्या शिक्षणाची परीक्षा दिले व्हते. उत्तरेकडची संस्था हाय, फार थोड्या जागा असतेत."

"कधी दिलीस?"

"झाले दोन-तीन महिने."

"आन् आता सांगायलीस? तुझ्या बापाला ठाऊक हाय का?"

"कुणालाच न्हाई. निकाल आला आज."

मी चाळणी खाली ठेवली. "लागली का?"

"न्हाई. थोडक्यात गेली." तिच्या मागं कुणीतरी तिला बोलावत होतं, एक बैल हंबरत होता. "पुढच्या वर्षी पुन्हा बसणार हाय. आता ठेवते, हितं गर्दी हाय."

तिनं फोन ठेवला. मी पीठ तसंच सोडून चपला घातल्या आणि नवऱ्याला सांगायला बाजाराकडं निघाले. अर्ध्या वाटेत वाटलं, सांगू नये, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मी वळले. मग परत दुकानाकडं चालायला लागले.